कप कोणी विसळला?

मराठी चित्रपटातली बाई बदलली, असे आता सर्रास म्हटले जाते आणि ते खोटे नाही. ‘सैराट’मधल्या आर्चीने २०१६ साली बुलेटला किक मारली, ट्रॅक्टर हाकला, आणि गावोगावच्या मुलींनी तिला डोक्यावर घेतले. २०२३ च्या ‘बाईपण भारी देवा’ने सहा बहिणींच्या मंगळागौरीवर सत्तर कोटींहून अधिक गल्ला जमवला, वय वाढलेल्या बायकांची गोष्ट चालत नाही, ही निर्मात्यांची जुनी सबब त्या तिकीटबारीवरच निकालात निघाली. पण त्याच पडद्यावरचा पुरुष किती बदलला? निदान घरात तरी फारच थोडा. एक नेहमीचे दृश्य आठवून पाहा. नवरा झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेला असतो. बांगड्या वाजतात, कपबशी पुढे येते, मग मुलीच्या लग्नाचा किंवा मुलाच्या नोकरीचा विषय निघतो. बोलणे संपते, माणसे उठतात, रिकामा कप तिथेच राहतो. तो उचलला कोणी, विसळला कोणी, आधण ठेवणारी पहाटे उठली किती वाजता, याच्याशी पटकथेला कर्तव्य नसते.

चित्रपट म्हणजे समाजाचा आरसा. घरात जे चालते तेच तो दाखवणार, असा यावर एक बचाव असतो. तो टिकत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात गेल्याचे दिसते. ज्या पुरुषांनी घरकामाला हात लावला, त्यांची ८८. आरसा खरा असता तर ही जवळजवळ पाच तासांची राबणूक पडद्यावर कुठेतरी दिसली असती. दिसतो तो फक्त वाफाळता कप. मल्याळम ‘द ग्रेट इंडियन किचन’ने २०२१ मध्ये खरकटी ताटे आणि तुंबलेल्या मोरीचे पाणी जसेच्या तसे दाखवले. त्यावरून केलेला हिंदी ‘मिसेस’ २०२५ मध्ये आला, तेव्हा पुरुष हक्कांच्या नावाने आक्षेप घेतले गेले. रोजचा स्वयंपाक नुसता दाखवला तरी लोक दुखावतात, एवढे ते काम आपण नजरेआड करून ठेवले आहे.

प्रेक्षकांनाच सोशीक नायिका हवी असते, हा दुसरा बचाव. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला बायकांनी हुंदके देत गर्दी केली, हे खरेच. त्या अश्रूंना आम्ही नावे ठेवणार नाही. त्यांत कित्येकींचा स्वतःचा सासुरवास होता. आक्षेप आहे तो त्या अश्रूंचा रोख कुणाकडे वळवला जातो, याला. अशा चित्रपटांत छळाचे खापर एकट्या सासूवर फुटते आणि बायकोला त्या घरात आणणारा मुलगा नामानिराळा राहतो. याच प्रेक्षकांच्या आधीच्या पिढ्यांनी १९३७ मध्ये शांतारामबापूंचा ‘कुंकू’ पाहिला होता. म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिले म्हणून त्याची बायको व्हायला ठाम नकार देणारी नीरा त्यांना पचली. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’तला नवरा तर खलनायकही नाही, सुशिक्षित, सभ्य वकील आहे. आश्रमातली नोकरी सोडून परतलेल्या सुलभाला तो दुसऱ्या बाईबद्दल शांतपणे सांगतो, आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. १९८२ मध्ये हे दाखवता आले, मग आज अवघड का वाटावे?

चित्रपटांनी प्रचारपट व्हावे किंवा सेन्सॉरने आणखी कात्री चालवावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ‘सैराट’मधला आर्चीचा जोडीदार परश्याच पाहा, तो हैदराबादेत डोशाच्या गाडीवर स्वयंपाकी होतो. त्यावर कुणी भाषण देत नाही. पोट भरायचे आहे म्हणून तो तव्यापुढे उभा राहतो, आणि त्याने तो तसूभरही उणा ठरत नाही. तोच परश्या पुढे आर्चीवर संशयही घेतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी त्याचा हा दोष झाकलेला नाही, म्हणूनच तो खरा वाटतो. असा पुरुष लिहायला जादा पैसा लागत नाही, लागते ती नजर. मराठी लेखक-दिग्दर्शकांना आमची विनंती एवढीच आहे: पुढच्या चित्रपटात चहा पिऊन झाला की प्रसंग तिथेच तोडू नका. कॅमेरा आणखी थोडा वेळ चालू ठेवा आणि तो कप मोरीपर्यंत कोण नेतो, ते आम्हाला पाहू द्या.