वायफाय कपाटात, पोर ओट्यावर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी एकच गाऱ्हाणं असे, "नेट गेलं!" मागच्या खोलीत लेकीचा ऑनलाइन क्लास अडकायचा. अम्मी आखातातल्या धाकट्याशी बोलायला बसल्या की त्याचा चेहरा पडद्यावर थिजून राही. आम्ही कंपनीला बोल लावले, प्लॅन वाढवून पाहिला, आणि शेवटी चार हजारांचा नवा राउटर घ्यायचं ठरवलं. दुकानात जाण्याआधी ओळखीतल्या एका केबलवाल्या मुलाला बोलावलं. त्यानं आल्या आल्या विचारलं, "राउटर आहे कुठं?"

राउटर शोकेसमध्ये होता. पुढे स्टीलचे डबे, काचेचं दार बंद, आणि धूळ बसू नये म्हणून अम्मींनी वर घातलेला विणकामाचा रुमाल. मुलगा हसला. त्यानं फायबरची पेटी जागेवरच ठेवली, तिला लांब लॅन वायर जोडली आणि राउटर मधल्या खोलीत दाराच्या वर, फळीवर बसवला. त्या संध्याकाळी लेकीचा क्लास एकदाही अडला नाही. आमचे चार हजार वाचले.

म्हणून खरेदीआधी जागा तपासा. वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. धातू त्यांना अडवतो, पाणी शोषून घेतं आणि जाड भिंत त्यांचा जोर कमी करते. नंदुरबार-शहाद्याकडची जुनी धाब्याची घरं उन्हाळ्यात थंड राहतात ती दीड-दोन फुटी मातीच्या भिंतींमुळे. त्याच भिंती वायफायच्या आड येतात. राउटर घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणि मोकळा असावा. फ्रिज, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून तो लांब ठेवा. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा बंद कपाटात राउटर तापतो आणि मध्येच बंद पडू लागतो.

आता बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं, ते पाहू. आधी फायबरच्या पेटीवरचे दिवे पाहा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल तर उजेड तारेतून घरापर्यंत पोहोचतच नाही. तार तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा फार वाकली असेल. फायबरची तार आत काचेची असते, तिला खिळ्याला गुंडाळू नये. इथे राउटर बदलून उपयोग नाही, कंपनीलाच कळवा.

दिवे ठीक असतील तर फोन घेऊन राउटरशेजारी उभे राहा आणि वेग मोजा. तिथे वेग चांगला आणि मागच्या खोलीत वाईट असेल तर दोष घरातल्या पोहोचीचा. शेजारीही वेग वाईट असेल तर लॅपटॉप लॅन वायरने जोडून मोजा. तरीही वाईटच आला तर तक्रार कंपनीकडे करा आणि हे आकडे सांगा, म्हणजे तुमचं म्हणणं टाळता येणार नाही. फक्त एकाच फोनला त्रास असेल तर त्या फोनमधून नेटवर्क विसरून पासवर्ड नव्याने टाका.

राउटर बंद करून मिनिटभराने सुरू केला की बरेच आजार बरे होतात. मात्र मागच्या बारीक भोकातलं 'रीसेट' बटण टाचणीने दाबू नका. त्याने सगळी मांडणी पुसली जाते आणि पुन्हा माणूस बोलवावा लागतो.

नवा राउटर घ्यायचाच असेल तर तो दोन पट्ट्यांवर चालणारा घ्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपार दूर जाते पण सावकाश असते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण तिची धाव कमी. घरात फोन बरेच असतील तर 'वायफाय ६' लिहिलेला बरा. सुरक्षेसाठी 'डब्ल्यूपीए३' असावं, निदान 'डब्ल्यूपीए२' तरी. अँटेना किती आहेत यावर भुलू नका. घर लांबट असेल तर एका महागड्या राउटरपेक्षा मागच्या खोलीत वायरने जोडलेला दुसरा साधा राउटर अधिक कामाचा. आपल्या फायबरच्या पेटीशी कोणता राउटर चालेल हे कंपनीला आधी विचारा. वीज जात असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळतात का आणि यूपीएस तेवढे अँपिअर देतो का, ते पाहा. आणखी एक, १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये सेकंदाला १०० नाही, साडेबारा मेगाबाइटच उतरतात, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो.

इथवर सगळं सोपं होतं. पुढचं सांगताना मात्र आम्हाला संकोच वाटतो.

राउटर हलवला त्याच दिवशी त्या मुलाच्या सांगण्यावरून आम्ही पासवर्ड बदलला. आठवडाभराने लक्षात आलं की संध्याकाळी ओटा रिकामा असतो. शेजारच्या खालांची मुलगी तिथे फोन घेऊन बसायची. तिचे अब्बा मिरचीच्या पथारीवर हंगामी कामाला. घरात फोन एकच, आणि त्यातला डेटा दुपारीच संपायचा. कधीकाळी आम्हीच तिला पासवर्ड दिला होता आणि विसरून गेलो होतो. ती नुकतीच दहावी झाली होती. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, आणि तिच्या अर्जातला कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा राहिला होता. शेवटची तारीख दोन दिवसांवर होती.

आम्ही खालांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "पोरीला वाटलं तुम्ही मुद्दाम बदलला. मी म्हटलं, मागायला जाऊ नको, त्यांच्या पैशाचं आहे." आम्हाला काय उत्तर द्यावं ते सुचेना.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. आज शिष्यवृत्तीपासून हजच्या अर्जापर्यंत सगळं पडद्यावर आलं आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अजून लोक रेंजसाठी टेकडी चढतात. आमच्या गल्लीत तर तार दारापर्यंत आलेली होती, आणि तरी एक पोर बाहेर राहिली.

त्या मुलाने फोनवरूनच उपाय सांगितला. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. त्याचं नाव आणि पासवर्ड वेगळा. त्यावरून आलेल्याला नेट मिळतं, पण आपल्या घरातल्या लॅपटॉप-प्रिंटरपर्यंत पोहोचता येत नाही. काही राउटरांत त्याचा वेग आणि वेळही ठरवता येते. एक सावधगिरी हवीच. कनेक्शन आपल्या नावावर असतं, त्यावरून गैरकाम झालं तर पहिली विचारणा आपल्याकडे होते. म्हणून पासवर्ड भिंतीवर लिहू नये, गल्लीभर वाटू नये. ज्याला ओळखतो, त्यालाच द्यावा. आणि बदलायचा झाला तर ज्यांना दिला होता त्यांना आधी सांगावं.

सालन चांगलं झालं की एक वाटी शेजारी पाठवायची रीत आपल्या घराघरांत आहे. त्या वाटीचा हिशेब कुणी ठेवत नाही. हेही तसंच समजावं, असं आम्ही खालांना सांगितलं.

मुलगी त्याच रात्री आली. आता राउटर मधल्या खोलीत असल्याने ओट्यावर सिग्नल कमी पडत होता, म्हणून अम्मींनी तिला आत बोलावून लेकीशेजारी बसवलं. दोघींनी मिळून पसंतीक्रम भरला. पावती लेकीच्या प्रिंटरवर निघाली तेव्हा साडेदहा वाजले होते.