नायटा, मलम आणि सचोटी

शिरूर कासारच्या शेजारचे पाटोदा आणि आष्टी हे तालुके क्रीडाक्षेत्रात नावारूपास आले आहेत. पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे स्टीपलचेस शर्यतीत ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. अशा परिसरात व्यापारी कुटुंबांतील मुलांनाही तालमीची व मैदानाची ओढ लागावी, हे स्वाभाविकच आहे. मात्र घामाबरोबर येणाऱ्या त्वचाविकारांकडे घरातील वडीलधाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही.

यांत प्रमुख विकार म्हणजे नायटा, अर्थात गजकर्ण. ही बुरशी जांघेत, काखेत, ओलसर कपड्यांखाली वाढते आणि अंगाला अंग लागल्याने, एकमेकांचा टॉवेल वा लंगोट वापरल्याने पसरते. मुलगा संकोचाने किंवा स्पर्धा हुकेल या भीतीने ती लपवितो आणि परस्पर औषध दुकानातून मलम आणतो.

खरा धोका येथेच आहे. अशा अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते. परंतु त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी आतून फोफावते. हा आराम म्हणजे व्याजाने काढलेली उचल होय. मुद्दल फिटत नाही, उलट वाढते. पुढे त्वचा पातळ होते आणि जांघेत कायमचे वळ उमटतात. भारतात चिवट, औषधांना दाद न देणारा नायटा वाढण्यामागे त्वचारोगतज्ज्ञ हेही एक महत्त्वाचे कारण मानतात. म्हणूनच केंद्र शासनाने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे शेड्यूल ‘एच’मध्ये आणली, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत.

उपाय साधे आहेत. सरावानंतर लगेच स्नान करावे, अंग पूर्ण कोरडे करावे, कपडे रोज धुऊन उन्हात वाळवावेत, टॉवेल स्वतंत्र ठेवावा. चट्टा दिसताच डॉक्टरांना दाखवावा. तो दिसेनासा झाला तरी त्यांनी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. घरात आणखी कोणास खाज असल्यास त्याचेही उपचार एकाच वेळी व्हावेत. तोवर कुस्तीची जोड टाळावी.

समाजातील जे बंधू औषधविक्रीच्या व्यवसायात आहेत, त्यांचे उत्तरदायित्व अधिक आहे. चिठ्ठीशिवाय आलेल्या मुलाला मलम नाकारल्याने गल्ल्यातील काही रुपये कमी होतील. पण एका उमलत्या खेळाडूचे अंग सुरक्षित राहील. पेढीची पत अशाच नकारांतून वाढत असते.