चौदा दिवस कोणी ठरविले?

आपल्या मंडळींत मूल सतरा-अठरा वर्षांचे झाले की घरोघर एकच खल सुरू होतो. डॉक्टर की इंजिनिअर? फार तर फार्मसी, नाहीतर अकौंटन्सी. चुकून एखादी पोर म्हणाली, "मला फिलॉसॉफी घ्यायची आहे," तर आईचा चेहरा असा उतरतो, जणू पोरीने भगवी वस्त्रेच मागितली. शिक्षणशास्त्राचे नाव काढले तर त्याहून वाईट. मास्तरकीच करायची होती तर समुद्र ओलांडून यायचे काय कारण होते, असे वडील विचारतात. जीवशास्त्राला थोडीशी सवलत मिळते, कारण त्या वाटेवरून मेडिकलचे दार दिसते.

आम्ही थट्टा करतो आहोत असे वाचकांना वाटेल. पण गेली काही वर्षे या देशातील विद्यापीठांचे कारभारीही नेमके आपल्या या आईवडिलांसारखेच बोलू लागले आहेत. हेंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठाने २०१० साली आपला तत्त्वज्ञान विभाग बंद करण्याचे ठरविले. त्या विद्यापीठात संशोधनाच्या मूल्यमापनात सर्वांत वरचा शेरा मिळविलेला विभाग तोच होता! २०२४ साली केंट विद्यापीठाने तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, कलेतिहास आणि आणखी काही विषय टप्प्याटप्प्याने गुंडाळण्याचे जाहीर केले. कारण सांगतात ते पैशाचे, आणि पैशाची ओढाताण खरीही आहे. परंतु कात्री चालते ती कोणावर, हे पाहिले की घरातला कोणता पोरगा नावडता आहे ते कळतेच.

नावडत्या पोराने घरासाठी काय केले आहे, ते आज सांगावेसे वाटते.

२५ जुलै १९७८ च्या रात्री मँचेस्टरजवळच्या ओल्डॅम या गिरण्यांच्या गावी लुईझ ब्राऊन जन्मली. आईच्या शरीराबाहेर, काचेच्या बशीत गर्भधारणा होऊन जन्मलेले जगातले ते पहिले मूल. केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, ओल्डॅमचे डॉक्टर पॅट्रिक स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी यांची ती जवळजवळ दहा वर्षांची मेहनत होती. १९७१ साली मेडिकल रिसर्च कौन्सिलने या कामाला पैसे देण्याचे नाकारले होते, म्हणून खासगी देणग्यांवर आणि हट्टावर ते चालले. एडवर्ड्स यांना नोबेल मिळाले ते २०१० साली. तोवर स्टेप्टो आणि पर्डी दोघेही हयात नव्हते.

मूल जन्मले, वर्तमानपत्रांचा गदारोळ झाला, आणि मग देशापुढे असा प्रश्न उभा राहिला की ज्याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नव्हते. बशीत तयार झालेल्या पण आईच्या पोटात न ठेवलेल्या गर्भाचे काय करायचे? त्यावर प्रयोग करावेत काय? किती दिवस? तो कोणाचा? सरकारने १९८२ साली समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी ना डॉक्टर बसविला, ना न्यायाधीश, ना बिशप. बसविले ते मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञानाच्या बाईंना. बाई ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात वर्षानुवर्षे तत्त्वज्ञान शिकवीत होत्या आणि मध्यंतरी सहा वर्षे ऑक्सफर्डच्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाही होत्या.

बाईंनी केले काय, हे नीट पाहण्यासारखे आहे. जो तो विचारीत होता, 'जीव सुरू कधी होतो?' धर्मगुरूंचे उत्तर एक, शास्त्रज्ञांचे दुसरे, आणि भांडण संपण्याची चिन्हे नाहीत. वॉर्नॉकबाईंनी प्रश्नच फिरविला. जीव केव्हा सुरू होतो हे मोजून ठरणारे नव्हे, त्यात मूल्याचा निवाडा आधीच दडलेला असतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून विचारायचे ते असे: या गर्भाशी आपण कसे वागावे? वरवर शब्दांचा खेळ वाटेल. पण पहिल्या प्रश्नावर समिती शंभर वर्षे बसली असती. दुसऱ्यावर मतभेद राहूनही निर्णय घेता येत होता.

शेजारी होत्या जीवशास्त्रज्ञ अॅन मॅकलारेन. त्यांनी समितीला गर्भाची पहिली वाढ समजावून दिली. साधारण चौदा-पंधरा दिवसांपर्यंत तो पेशींचा पुंजका असतो, त्याचे दोन भाग होऊन जुळेही होऊ शकते. त्यानंतर त्यावर एक बारीक रेघ उमटते आणि तेथून एका देहाची आखणी सुरू होते. समितीने १९८४ च्या अहवालात सांगितले की चौदा दिवसांपुढे गर्भ प्रयोगशाळेत वाढविता कामा नये, आणि जो वाढवील तो गुन्हेगार. दिवसच का? कारण दिवस कोणालाही मोजता येतात. 'गर्भाला वेदना होईपर्यंत' असे म्हटले असते तर वकिलांचे घर भरले असते.

समितीतील तिघांना गर्भावर कसलेच प्रयोग मान्य नव्हते. त्यांचे विरुद्ध मत अहवालात जसेच्या तसे छापले आहे. इनॉक पॉवेल यांनी १९८५ साली सर्वच संशोधनावर बंदी आणणारे बिल मांडले, ते तडीस गेले नाही. पाच-सहा वर्षे पार्लमेंटात आणि चर्चमध्ये वाद झाला, मग १९९० साली कायदा झाला आणि त्यावर देखरेखीला प्राधिकरण बसले. हीच चौदा दिवसांची रेघ पुढे अनेक देशांनी उचलली. गंमत अशी की रेघ ओढली तेव्हा तेवढे दिवस गर्भ बशीत जगविणे कोणाला साधतच नव्हते. ते केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांना साधले २०१६ साली. आता मर्यादा अठ्ठावीस दिवस करावी अशी मागणी आहे. ती मान्य करावी की नाही हे येथे सांगण्याचा आमचा अधिकार नाही, पण ते ठरविताना खोलीत फक्त शास्त्रज्ञ बसू नयेत, एवढे सांगण्याचा आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. लुईझच्या जन्मानंतर दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात असेच दुसरे मूल जन्मले. डॉक्टर होते सुभाष मुखर्जी. त्यांनी डॉक्टरेटचे एक संशोधन याच देशात, एडिंबरोला केले होते. बंगाल सरकारनेही समिती नेमली. परंतु त्या समितीने 'हे कसे केलेत, आम्हांला शिकवा' असे विचारले नाही. 'हे तुम्ही केलेच नाही' असा निकाल दिला. या विषयात स्वतः काम केलेला माणूस समितीत नव्हता. परिषदेसाठी जपानला जाण्याची परवानगी नाकारली गेली. शेवटी बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ रोजी मुखर्जींनी आपले आयुष्य संपविले.

मुंबई महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांचे ते यश. भारतातले पहिले टेस्टट्यूब बाळ म्हणून परळचे नाव देशभर झाले आणि आम्हां मुंबईकरांची छाती फुगली. पुढे १९९७ साली त्याच आनंदकुमारांनी मुखर्जींची टिपणे वाचली आणि जाहीरपणे सांगितले की पहिले आम्ही नव्हे, मुखर्जी. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट उतरवून दुसऱ्याच्या तसबिरीवर ठेवणारी माणसे विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत किती भेटतात? आमच्या मते या सबंध हकिकतीतले ते सर्वांत मोठे संशोधन.

दोन देश, एकच वर्ष, दोन समित्या. बुद्धी दोन्हीकडे होती, हात दोन्हीकडे कुशल होते. येथे प्रश्न विचारायला शिकलेले माणूस खुर्चीवर होते, तेथे नव्हते. येथे जन्मानंतर बारा वर्षांत कायदा आला. आपल्याकडे १९८६ नंतर पस्तीस वर्षे लागली. २०२१ साली कायदे झाले. मधल्या काळात आणंदसारख्या गावी परदेशी जोडप्यांसाठी भाड्याच्या गर्भाशयांचा धंदा भरभराटला, तो सर्वांनी पाहिला. गर्भजल परीक्षेची कथा तर आपल्या घरातली. रोग ओळखण्यासाठी आलेले तंत्र मुली पाडण्यासाठी वापरले गेले. महाराष्ट्राने १९८८ साली त्याविरुद्ध देशात पहिला कायदा केला, हे भूषण खरे. पण तोवर घोडे पुढे गेले होते आणि वरात मागून आली. या देशात हौसेखातर गर्भाचे लिंग निवडण्यास २००८ च्या कायद्याने मनाई आहे. तरी आपल्यातले कोणी कोणी सुट्टीत 'तिकडे जाऊन' काय करून येतात, ते आपल्याला ठाऊक नाही असे नव्हे.

शिक्षणशास्त्राचे राहिलेच. याच वॉर्नॉकबाईंनी त्याआधी, १९७४ ते १९७८, दुसऱ्या एका समितीचे काम पाहिले होते: अपंग आणि मंदगती मुलांच्या शिक्षणाचे. १९७१ पर्यंत या देशात काही मुलांवर 'शिकविण्यास अयोग्य' असा शिक्का मारून त्यांना शिक्षणखात्याच्या बाहेर ठेवीत. वॉर्नॉक समितीने म्हटले की शिक्षणाचे उद्दिष्ट सर्व मुलांना एकच आहे; कोणी ते धावत गाठील, कोणाला एकेक पाऊल टाकताना हात लागेल. पाचात एका मुलाला केव्हा ना केव्हा अशी खास मदत लागते, हा त्यांचा अंदाज. त्यातून १९८१ चा कायदा झाला. पुढे २००५ साली बाईंनी स्वतःच लिहिले की आपल्या शिफारशींचे जे झाले ते ठीक झाले नाही, सरसकट सर्वांना एकाच शाळेत घालण्याचा अट्टाहास काही मुलांना जाचतो आहे. आपलेच काम पुन्हा तपासावयास काढणे ही या विषयाची शिस्त असावी.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. मूल उशिरा बोलते, नजरेला नजर देत नाही, हे आजीला कळते, आईला कळते, पण मंडळाच्या गणपतीत त्या मुलाला आणीत नाहीत. लोक काय म्हणतील! आमच्या परिचयाच्या एका घरी शाळेतून सल्ला आला की घरात मराठी बंद करा, दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो. आईने ऐकले. आजीला इंग्रजी येत नव्हते. नातवाशी तिचे बोलणेच संपले. दोन भाषांनी मुलाचे बोलणे खुंटत नाही, हे याच देशातील विद्यापीठांचे संशोधन सांगते. शाळेपर्यंत ते पोहोचले नव्हते, आणि आपल्यापैकी कोणी नेलेही नाही. १९७५ च्या बुलक अहवालाने तर म्हटले होते की शाळेच्या उंबऱ्यावर मुलाने घरची भाषा टाकून यावे अशी अपेक्षा धरू नये. दहा वर्षांनी स्वॉन अहवालाने मातृभाषेचे ओझे ज्या त्या समाजावरच टाकले. ते ओझे आपण शनिवार-रविवारच्या वर्गांत वाहतो आहोत, आणि मराठीला जी.सी.एस.ई.ची परीक्षाही नाही. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दूला आहे. यावर कोणी आपला मुलगा-मुलगी शिक्षणशास्त्रात प्रबंध लिहील काय?

वाचक म्हणतील, उपदेश सोपा, पोराच्या फीचे बिल तुम्ही भरणार काय? प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञान शिकून घर घेता येत नाही असे म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडणार नाही. सर्वांनी ते शिकावे असेही आमचे म्हणणे नाही. जिला शिकायचे आहे तिला आडवे जाऊ नका, आणि जेथे तो विभाग बंद पडत असेल तेथे 'बरे झाले' म्हणू नका, एवढेच मागणे. गर्भावरील प्रयोगाला पैसे द्यायचे की नाही, मंदगती मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, म्हाताऱ्या बापाचे यंत्र केव्हा बंद करायचे, हे निर्णय कोणी तरी घेणारच आहे. ते घ्यायला शिकविणारा वर्ग बंद झाल्यावर ते हिशेबनीस घेतील.

आणि एक काम असे आहे की त्याला पदवी लागत नाही. रुग्णांवर किंवा त्यांच्या रक्तावर होणाऱ्या संशोधनाला येथे नीतिसमितीची परवानगी लागते. आरोग्यसेवेच्या या समित्यांत निदान एक तृतीयांश सभासद सामान्य नागरिक असावे लागतात. पगार नाही, प्रवासखर्च मिळतो, कागदपत्रे मात्र ढीगभर वाचावी लागतात. निवृत्त झालेले पोस्टातले, बँकेतले, शाळेतले आपले कितीतरी लोक दुपारी टीव्हीसमोर बसतात, त्यांना हे सहज जमेल. मधुमेह आणि हृदयविकार आपल्या लोकांत जास्त, म्हणून संशोधक आपल्या दारी रक्त मागायला येतात. आपल्या आईला जे माहितीपत्रक वाचायला देणार, ते तिला कळेल की नाही, हे विचारणारे कोणी त्या टेबलाशी बसलेले असले तर बरे. अर्जासाठी चौकशी हेल्थ रिसर्च ऑथॉरिटीकडे करावी.