सडक सोडून

सेवानिवृत्त शिक्षकानें पोथी उघडावी, मोटारीचें दार नव्हे, असें आमच्या थोरल्या बंधूंचें मत. तथापि पुतण्याच्या ‘थार’ गाडीनें साठीनंतर आम्हांस भलतीच गोडी लाविली आहे. जिंतूरहून पूर्णेवरील येलदरी धरणाकडे जातांना डांबरी सडक सोडून खडकाळ गाडीवाटेस लागावें, चारी चाकांस बळ पोंचविणारा दांडा ओढावा आणि मुंगीच्या पायानें चढावें. वेग घटतो तितकें ओढण्याचें बळ वाढतें. शाळेंत अशी शिस्त क्वचितच पाहिली!

मात्र आमची काळी जमीन पावसांत फुगते. ओलीवर जड चाक फिरलें कीं माती दडपते, पिकाच्या मुळांस वाट उरत नाहीं. पुतण्यास नेमकी शेतांतूनच जाण्याची हौस! किल्ली सध्यां आमच्या कोटांत आहे. त्यानें अबोला धरिला आहे. बंधूंनीं मात्र, जमीन वाळल्यावर पुढची जागा आपली, असें हळूच सुचविलें आहे.