सहीमागचे कारण

कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनातून इंडिया गेटच्या वर्तुळाकडे निघाले, की जवळच पतियाळा हाउसची वास्तू लागते. न्यायमूर्ती जे. सी. शहा आयोगाने आणीबाणीतील अतिरेकांची उघड सुनावणी १९७७ मध्ये येथेच सुरू केली. आयोगासमोर आलेले एक प्रकरण विद्यार्थ्याच्या अटकेचे होते; पण खरे पाहता ते एका सहीचे होते. राजधानीतील मराठी अधिकारीवर्गाने ते विसरू नये.

२५ सप्टेंबर १९७५. आणीबाणीला तीन महिने झाले होते. एका विद्यार्थिनी प्रतिनिधीच्या निष्कासनाविरुद्ध जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संप चालू होता. विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष देवीप्रसाद त्रिपाठी यांनी वर्गाकडे निघालेल्या मनेका गांधी यांना संपात सामील होण्यास सांगितले. त्यानंतर साध्या वेशातील पोलिस मोटारीतून आले आणि त्रिपाठी समजून प्रबीर पुरकायस्थ या संशोधक विद्यार्थ्याला घेऊन गेले. माणूस चुकला होता. तरीही ‘मिसा’खाली स्थानबद्धतेचा हुकूम निघाला आणि पुरकायस्थ सुमारे वर्षभर तुरुंगात राहिले. पुढे त्रिपाठीही गजाआड गेले. याच त्रिपाठींना महाराष्ट्राने २०१२ मध्ये राज्यसभेवर पाठविले.

सही करणाऱ्या दंडाधिकाऱ्याला चुकीची कल्पना होती, परंतु वरून दडपण होते, असे चौकशीत पुढे आले. कनिष्ठ अधिकाऱ्याने करायचे तरी काय, हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. वरिष्ठांना नकार देण्याची किंमत ज्याची त्यालाच मोजावी लागते. पण ती सही इतकी सोपी का झाली, हेही पाहिले पाहिजे. आणीबाणीत ‘मिसा’ची दुरुस्ती करून स्थानबद्धतेची कारणे कळविण्याचे बंधनच काढून टाकण्यात आले होते. कारण सांगावे लागत नाही, तेव्हा नागरिकाचे संरक्षण जाते आणि ‘हे कागदावर टिकणार नाही’ असे वरिष्ठांना सांगण्याचा अधिकाऱ्याचा आधारही जातो.

न्यायालयही तेव्हा आड आले नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्ग बंद केला. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. तो निर्णय २०१७ मध्ये रद्दबातल ठरविणाऱ्या घटनापीठाच्या निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांची चूक स्पष्ट शब्दांत मान्य केली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरकायस्थ यांना पुन्हा अटक झाली. या वेळी पत्रकार म्हणून, ‘यूएपीए’खाली. त्या आरोपांच्या गुणदोषांचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. १५ मे २०२४ रोजी न्या. भूषण गवई व न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने ती अटक बेकायदा ठरविली, कारण अटकेची कारणे लेखी देण्यात आली नव्हती. एकाच माणसाच्या आयुष्यात, ४८ वर्षांच्या अंतराने, प्रश्न तोच उभा राहिला.

शिक्षणासाठी दिल्लीत आलेली मराठी मुले सभांना जातील, घोषणाही देतील. त्यांचे स्वातंत्र्य उद्या एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावरील कागदावर अवलंबून असू शकेल. सही करण्यापूर्वी त्याने कारणाचा रकाना वाचावा. तो रिकामा असेल, तर लेखणी खाली ठेवावी.