समजून घ्या : पिण्याच्या पाण्याचा ‘पहिला क्रमांक’ कागदावरच का राहतो?

धरणातलं पाणी टीएमसीत मोजतात. घरात ते लिटरमध्ये लागतं. आणि ते पिण्यालायक आहे का, हे ठरतं मिलिग्रॅममध्ये. महाराष्ट्रात ही तीन मापं तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजली जातात. टीएमसी जलसंपदा विभागात, लिटर पाणीपुरवठा विभागात आणि मिलिग्रॅम पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. धरणातलं पाणी कुणाला किती, हे ठरवताना तिन्ही आकडे एका टेबलावर क्वचितच येतात.

१९८७ च्या पहिल्या राष्ट्रीय जलनीतीपासून आजपर्यंत प्रत्येक धोरणात पिण्याचं पाणी पहिल्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात २००३ च्या जलनीतीत शेतीआधी उद्योगाला पाणी, असा क्रम होता. त्यावरून वाद झाला आणि २०११ मध्ये तो बदलला. पण तेव्हाही भांडण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचं होतं, पहिल्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. तरीही मार्च उजाडला की टँकर सुरू होतात. असं का?

आधी हिशेब करू

इंजिनीअरिंगची चार वर्षं इथे थोडी कामाला येतात. मोबाइलमधला कॅलक्युलेटर काढा.

जलजीवन मिशनच्या निकषानुसार गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळायला हवं. २०११ च्या जनगणनेत राज्याची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ६ कोटी १५ लाख होती. गुणाकार केला की सगळ्या गावांची वर्षभराची गरज येते साधारण ४४ टीएमसी. एकट्या उजनी धरणाचा उपयुक्त साठाच सुमारे ५३ टीएमसी आहे.

शहरांना माणशी १३५ लिटर धरले, तर त्यांचे आणखी ८८ टीएमसी. म्हणजे सगळ्या राज्याची पिण्याची आणि घरगुती वापराची गरज १३२ टीएमसीच्या आसपास. उजनी आणि जायकवाडी या दोन धरणांचा उपयुक्त साठा मिळून साधारण तेवढाच, १३० टीएमसी. आज लोकसंख्या वाढली आहे आणि गळतीही धरावी लागेल. म्हणून वर आणखी निम्मी भर टाका. तरीही राज्यातल्या एकूण पाण्यापुढे हा आकडा किरकोळच राहतो.

आणखी एक हिशेब. उसाला हेक्टरी साधारण २० हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी लागतं, असं ढोबळमानाने धरतात. ५५ लिटरच्या हिशेबाने तेवढ्यात हजार माणसांचं वर्ष निघतं.

तेव्हा ‘पाणीच नाही, तर देणार कुठून’ हे उत्तर मला तरी पटत नाही. पाणी आहे. ते योग्य ठिकाणी, योग्य महिन्यात आणि पिण्यालायक स्थितीत नाही, ही खरी अडचण आहे. आणि हे तिन्ही प्रश्न नियोजनाचे आहेत.

लातूरची रेल्वे आठवते?

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. नंतर ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका फेरीत २५ लाख लिटर आणणारी. देशभर बातमी झाली, फोटो निघाले. लातूर शहराची लोकसंख्या जनगणनेनुसार ३ लाख ८२ हजार. म्हणजे ५० वाघिणींच्या एका फेरीतून माणशी साडेसहा लिटर. टँकरचा सरकारी निकषसुद्धा माणशी २० लिटरचा आहे.

लातूरची मदार मांजरा धरणावर आणि धरणात त्या वर्षी पाणी नव्हतं. हे एका रात्रीत झालं नव्हतं. मराठवाड्यात त्याआधीची वर्षंही तुटीचीच होती. दरवर्षी १५ ऑक्टोबरचा साठा कागदावर येतो. तो पाहून जूनपर्यंत शहराला काय उरेल, याचा अंदाज बांधता येतो. रेल्वेने जे केलं ते कौतुकाचंच होतं. पण साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी आणावं लागणं, हा आधीच्या ऑक्टोबरमधल्या हिशेबाचाच निकाल होता.

आराखडा आहे, मग अडतं कुठे?

महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. राज्याचा एकात्मिक जल आराखडा हवा, तो मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने तयार करावा आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य जल परिषदेने मंजूर करावा, असं त्यात लिहिलं आहे. त्या परिषदेची पहिली बैठक व्हायला जानेवारी २०१५ उजाडला. दहा वर्षं! जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका केली, आराखड्याशिवाय नवे प्रकल्प मंजूर करू नका असं न्यायालयाने सांगितलं, तेव्हा यंत्रणा हलली. गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा आणि कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्या अशा पाच खोऱ्यांचे आराखडे झाले.

खोऱ्याचा आराखडा ही चांगलीच गोष्ट आहे. पण खोरं मोठं आणि तहान गावाची. अख्ख्या खोऱ्यात पिण्यासाठी अमुक इतकं पाणी लागेल, अशी एक बेरीज लिहिली की रकाना भरतो. त्यातलं कोणतं गाव एप्रिलमध्ये कोणत्या विहिरीवर असेल आणि त्या विहिरीचं पाणी कसं असेल, हे त्या बेरजेत दिसत नाही.

प्रत्यक्षात निर्णय होतो पावसाळ्यानंतर. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समिती आवर्तनं ठरवते. पिण्यासाठी किती राखायचं, याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत येते. आणि बरोबर त्याच महिन्यात पाणीटंचाईचा कृती आराखडा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून, असे त्याचे तीन टप्पे असतात. त्यात टँकर, विहीर अधिग्रहण, तात्पुरती नळयोजना अशी कामं लिहिलेली असतात. एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात दोन आराखडे. एक पाणी वाटण्याचा आणि दुसरा ते संपल्यावर काय करायचं याचा. हे दोन्ही एकाच बैठकीत का होत नाहीत?

सोलापूरचं उदाहरण घ्या. शहराची २०११ ची साडेनऊ लाख लोकसंख्या आणि १३५ लिटर धरले, तर वर्षाची गरज दोन टीएमसीही नाही. पण उजनीतून येणारी जलवाहिनी पुरेशी नसल्याने शहराच्या बंधाऱ्यापर्यंत भीमेच्या पात्रातून पाणी सोडावं लागत आलं. वाटेत पात्र पितं, ऊन पितं, काठावरचे पंप पितात. त्यामुळे एकेका वेळी वर्षाच्या गरजेपेक्षा जास्त पाणी सोडावं लागत आलं. हिशेबात मात्र हे सगळं ‘पिण्यासाठी’ म्हणून लिहिलं जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं. समांतर जलवाहिनी मात्र वर्षानुवर्षं रखडत राहिली. माझ्या मते वेळेत घातलेला पाइप सोलापूरला एखाद्या नव्या धरणाइतका उपयोगी पडला असता.

पाणी आहे, पण पिता येत नाही

इथवर फक्त लिटरचा हिशेब झाला. मिलिग्रॅमचा त्याहून अवघड आहे.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत, नांदेडच्या किनवट भागात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम चालतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, टीसीएल पावडर टाकूनही नाही. पाणी दिसायला स्वच्छ असतं, चवीला बरं असतं. म्हणून तर बोअर पिढ्यान्‌पिढ्या सुरू राहतो.

अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर वेगळं सांगायला नको. पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं भूजल खारट आहे. तिथे बोअर अजून खोल घेणं हा उपाय नाही. बाहेरून गोडं पाणी आणावंच लागतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणावर ८४ खेडी योजना उभी राहिली ती यामुळेच.

नायट्रेटचं तिसरं दुखणं आहे. मर्यादा ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. शेतातला युरिया आणि गावातलं सांडपाणी, दोन्ही मुरून विहिरीत येतं. धोका सगळ्यात जास्त तान्ह्या बाळांना.

ही माहिती सरकारकडे आहे, हे महत्त्वाचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून काम करते. पाणीस्रोतांचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासले जातात. स्रोत आणि परिसराच्या स्वच्छतेवरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे साथीचा धोका जास्त. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. एवढं सगळं मोजून झाल्यावर ते आकडे धरणाच्या पाणीवाटपापर्यंत पोहोचायला हवेत ना? ज्या तालुक्यात फ्लोराइड जास्त, त्या तालुक्याचं जवळच्या धरणातलं आरक्षण आपोआप वाढायला हवं. आज मागणी लोकसंख्येवरून निघते. विहिरीत पाणी आहे म्हटलं की गाव ‘टंचाईमुक्त’ ठरतं, मग ते पाणी प्यायलं तर काय होतं, हा प्रश्न बाजूला पडतो.

वरच्या शहराचं सांडपाणी हाही यातलाच भाग. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येतं आणि उजनी सोलापूर पितं. पुण्यातला सांडपाणी प्रकल्प रखडला की पुण्यापुरती बातमी होते. तो सोलापूरच्या पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प आहे, असं कुणी लिहीत नाही.

मग शेतकऱ्याचं पाणी पळवायचं का?

हा राग खरा आहे. वानचं पाणी आणखी गावांसाठी राखायचं ठरलं, तेव्हा तेल्हाऱ्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले. धरण सिंचनासाठी म्हणून बांधलं, लाभक्षेत्र ठरलं, लोकांनी त्या भरवशावर पिकं बदलली. आणि मग काही वर्षांनी ‘पिण्यासाठी’ म्हणून त्यातून वाटा काढला जातो. चीड येणारच. खारपाणपट्ट्यातल्या बाईला गोडं पाणी नको, असं त्यातलं कुणी म्हणत नाही.

म्हणूनच पिण्याचं पाणी आराखड्यात आधी यायला हवं. धरणाच्या पहिल्या कागदावरच गावांचे लिटर, उन्हाळ्यातलं बाष्पीभवन आणि पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरून वाटा बाजूला काढला, तर शेतकऱ्याला दिलेलं वचन नंतर मोडावं लागत नाही. आज उलट होतं. आधी सगळं वाटतो, मग कापतो.

भूजलाचंही तसंच. गावांच्या अनेक नळयोजना विहिरी आणि बोअरवर आहेत. सार्वजनिक पाणीस्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, हे बंधन १९९३ च्या कायद्यात होतं आणि २००९ च्या भूजल कायद्यातही आहे. पण शेजारच्या शेतात रात्रीतून बोअरची गाडी उभी राहिली तर अडवायचं कुणी? सरपंचाने? त्याला निवडणूक लढवायची असते. ही जबाबदारी वरच्या यंत्रणेने घ्यायला हवी. नाहीतर जलजीवनचा नळ घरोघरी दिसेल आणि फेब्रुवारीनंतर कोरडा पडेल.

तुम्ही काय विचारू शकता?

तीन गोष्टी. ग्रामपंचायतीत जाऊन यंदा मिळालेल्या कार्डाचा रंग विचारा. आपल्या स्रोताचा रासायनिक तपासणी अहवाल मागा आणि त्यात फ्लोराइड, नायट्रेट, एकूण विरघळलेले क्षार हे तीन आकडे बघा. आणि पावसाळा संपला की जवळच्या धरणातून आपल्या गावासाठी किती दशलक्ष घनमीटर पाणी राखलं, ते किती लोकसंख्या धरून आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे पाटबंधारे कार्यालयाला लेखी विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. तो अर्ज कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी गेला पाहिजे. एप्रिलमध्ये केलात तर उत्तर येईपर्यंत गावात टँकर आलेला असेल.