पर्ल हार्बरचा घाला टळला असता काय ?

एखादें संकट कोसळून गेलें, म्हणजे मागाहून शहाणपण सांगणारांस तोटा नसतो. कोणी म्हणतो, हें आधींच कळावयास हवें होतें. कोणी म्हणतो, दैवापुढें कोणाचें चालतें? हीं दोन्ही उत्तरें सोपीं आहेत, आणि म्हणूनच दोन्ही अपुरीं आहेत. इतिहासांत पर्ल हार्बरचें प्रकरण वाचतांना विद्यार्थ्यांच्या मनांत हाच प्रश्न उभा राहतो. त्याचा आपण थोडा बारकाईनें विचार करूं.

ता. ७ डिसेंबर १९४१ हा रविवार होता. हवाई बेटांपैकीं ओआहू बेटावरील पर्ल हार्बर बंदरांत अमेरिकेचें पॅसिफिक आरमार नांगरून पडलें होतें. सकाळीं आठास पांच मिनिटें असतांना जपानी विमानें त्यावर तुटून पडलीं. सहा विमानवाहू जहाजांवरून दोन खेपांत मिळून सुमारें साडेतीनशें विमानें आलीं. दोन तासांत सुमारें २,४०० अमेरिकन प्राणांस मुकले. त्यांपैकीं १,१७७ एकट्या 'ॲरिझोना' या युद्धनौकेवरचे होते.

येथें दोन प्रश्नांची गल्लत होते. हल्ला येऊंच न देणें हें एक, आणि आलेला हल्ला बेसावधपणीं न गांठूं देणें हें दुसरें. पहिल्याचें उत्तर, माझ्या मतें, नकारार्थी आहे. जपानी आरमार २६ नोव्हेंबर रोजीं कुरील बेटांतून निघालें आणि बिनतारी यंत्रें मुकीं ठेवून उत्तरेकडील निर्मनुष्य समुद्रांतून आलें. जपानच्या परराष्ट्रखात्याची सांकेतिक लिपि अमेरिकनांस वाचतां येत होती. तींतून युद्ध तोंडाशीं आल्याचें दिसत होतें, परंतु पहिला घाव पर्ल हार्बरवर पडणार असें कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. अध्यक्ष रूझवेल्ट यांस सर्व ठाऊक होतें व त्यांनीं तें मुद्दाम घडूं दिलें, या प्रवादास भरंवशाचा पुरावा आजवर पुढें आलेला नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र होकारार्थी द्यावें लागतें. नोव्हेंबर १९४० मध्यें ब्रिटिश विमानांनीं टारांटो बंदरांत शिरून इटलीच्या तीन युद्धनौका निकामी केल्या होत्या. म्हणजे बंदरांतलें आरमार आकाशांतून मारतां येतें, हें जगानें पाहिलेलें होतें. २४ सप्टेंबर १९४१ रोजीं टोकियोहून होनोलुलूच्या वकिलातीस आज्ञा गेली कीं, पर्ल हार्बरचे विभाग पाडून कोणतें जहाज कोठें उभें आहे तें कळवावें. हा निरोप वॉशिंग्टनमध्यें उलगडला गेला. पण ज्यांच्या जहाजांची ही मोजदाद चालली होती, त्या हवाईच्या सेनापतींस तो कळविलाच नाहीं. २७ नोव्हेंबरला युद्धाचा इशारा आला. जनरल शॉर्ट यांनीं त्याचा अर्थ घातपाताची भीति असा घेतला आणि राखणीस सोपें जावें म्हणून विमानें पंखाशीं पंख लावून उभीं केलीं. आपण काय केलें, हें त्यांनीं वरिष्ठांस कळविलेंहि. तें चुकत आहे असें कोणीं सांगितलें नाहीं.

आतां शेवटचा तास पाहा. पावणेसातच्या सुमारास 'वॉर्ड' या जहाजानें बंदराच्या तोंडाशीं एक लहान पाणबुडी बुडविली व लगेच तसें कळविलें. खात्री करून घेण्यांतच वेळ गेला. तीच पाणबुडी २००२ सालीं समुद्रतळाशीं सांपडली. खलाशी खरें बोलत होते! सात वाजतां रडारवरील दोन शिपायांची पाळी संपली होती. तरीहि त्यांनीं यंत्र चालू ठेवलें आणि सुमारें १३० मैलांवर विमानांचा मोठा जमाव येतांना पाहिला. दूरध्वनीवरच्या नवख्या अधिकाऱ्यास वाटलें कीं, कॅलिफोर्नियाहून यावयाचीं आपलींच विमानें तीं. त्यानें काळजीचें कारण नाहीं म्हणून सांगितलें.

कोणी म्हणेल, मागें वळून पाहणारास सारें स्पष्टच दिसतें. हा आक्षेप रास्त आहे. रॉबर्टा वोलस्टेटर या विदुषीनें १९६२ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, खऱ्या सूचना त्या वेळीं खोट्या सूचनांच्या गलबल्यांत बुडून गेल्या होत्या. परंतु संशय असतो, म्हणूनच तर दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत आधीं तोलावयाची असते. बातमी खोटी ठरती, तर रविवारीं सकाळीं गोलंदाजांची झोपमोड होती, एवढेंच. बातमी खरी असून ती दुर्लक्षिली, त्याची किंमत वर सांगितलीच आहे. एक तास आधीं तोफांवर माणसें उभीं असतीं, जहाजांचे जलरोधक दरवाजे मिटलेले असते, तर हल्ला झालाच असता. पण इतके जीव खास गेले नसते.

पुढें ॲडमिरल किमेल व जनरल शॉर्ट यांस पदावरून दूर करण्यांत आलें. १९९५ सालीं अमेरिकेच्या संरक्षणखात्यानेंच चौकशीअंतीं म्हटलें कीं, दोष त्या दोघांच्याच माथीं मारणें योग्य नाहीं. तो पुष्कळांत वांटला गेला पाहिजे. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. तेथें ज्ञानाची वाण नव्हती. एकाजवळचें ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोंचलें नाहीं, आणि पोंचलें तेथें तें ऐकून घेणारा कान नव्हता.

विद्यार्थ्यांनो, पाळी संपल्यावरहि यंत्रापाशीं बसून राहिलेल्या त्या दोन शिपायांस विसरूं नका. जें डोळ्यांनीं पाहिलें, तें भीड न धरतां वडील माणसांस सांगा. आणि पालकहो, लहानाच्या तोंडून मोठी बातमी आली, तर ती झटकून टाकण्यापूर्वीं क्षणभर उठून खिडकीबाहेर पाहण्यास आपलें काय जातें ?